बोहल्यापाशी अडलेली पिढी

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बाल नारायणाने मंडप सोडला, ही कथा मराठी घराघरांत परंपरेने सांगितली जाते. त्या त्यागामागे एक ध्येय होते. आज त्याच जिल्ह्यात तिशी ओलांडलेले अनेक तरुण बोहल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची वाट अडवून उभी आहे ती दोन्ही पक्षांची न संपणारी अपेक्षांची यादी.

ही यादी सर्वांच्या परिचयाची आहे. मुलीकडच्यांना जावई सरकारी नोकरीतला, निदान पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात स्वतःचा फ्लॅट असलेला हवा. गावाकडे शेतीही हवी, पण जावयाने ती कसता कामा नये! मुलाकडच्यांना सून गोरी, उंच, पदवीधर आणि कमावती हवी. शिवाय स्वयंपाकघरही तिनेच सांभाळले पाहिजे. त्यावर पोटजात, पत्रिका, मंगळ, नाडी यांची चाळणी आहेच. वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका चाळताना ‘याहून चांगले स्थळ येईल’ ही आशा सुटत नाही आणि पाहता पाहता चार-पाच वर्षे निघून जातात.

एकाच घरात दोन मापे वापरली जातात, हे याहून चमत्कारिक. जो शेतकरी पिता लेकीसाठी ‘शेतकरी नको’ म्हणतो, त्यालाच शेती करणाऱ्या मुलासाठी सून हवी असते. प्रत्येकाने असेच ठरविले, तर सून यायची कोठून?

मात्र सारा दोष मुलींच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, गावेच्या गावे टँकरवर जगली. ते दिवस पाहिलेल्या मुलीने महिन्याच्या पगाराची शाश्वती मागितली, तर तिला लोभी म्हणता येत नाही. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११मध्ये ८९४ उरल्या. जालना जिल्ह्याचा आकडाही तेव्हा नऊशेच्या खाली होता. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा. तरीही हे घडले. २००१मधील ती बालके आज विवाहयोग्य झाली आहेत. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा अनेकांना हसू आले. वास्तविक मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाला त्याचेच फळ त्या मोर्चात दिसत होते.

मग चोखंदळपणा सोडून द्यावा काय? मुळीच नाही. निर्व्यसनीपणा, स्वभाव, आरोग्य, कष्टाची तयारी आणि परस्परांविषयीचा आदर यांबाबत तडजोड नकोच. जालना ही बियाण्यांची बाजारपेठ म्हणून देशभर ओळखली जाते. तेथील शेतकरी पिशवीचा रंग पाहून बियाणे घेत नाही, उगवणशक्ती पाहून घेतो. आणि अधिक चांगल्या वाणाची वाट पाहत मृगाची पेरणीही चुकवीत नाही. हा विवेक सोयरीक जमविताना मात्र हरवतो.

सुधारणेचा आरंभ वडीलधाऱ्यांनी करावा. मुला-मुलीला मोकळेपणाने बोलू द्यावे, त्यांच्या होकार-नकाराचा मान राखावा आणि यादीतील रंग, उंची, फ्लॅट यांवर स्वतः काट मारावी. शेतकरी वरपक्षाने सुनेचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची, तिच्या शिक्षणाला व नोकरीला वाव देण्याची तयारी दाखवावी. शेतकऱ्याच्या घरात सुनेला सुरक्षितता आणि सन्मान मिळतो, हे दहा घरांनी कृतीतून दाखविले, तर अकराव्या घरातील लेकीचा नकार आपोआप सौम्य होईल. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या समाजाने कुटुंब उभेच राहणार नाही अशा अटी घालणे आता थांबविले पाहिजे.