मोजले, पण वाचले कोणी?

भिवंडी तालुक्यातील अकलोलीत तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीला आलेला भाविक तिथे अंघोळ करून जातो. भूवैज्ञानिक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाटलीत नमुना भरून नेतात. हे पाणी किती खोलवरून येते, त्यात क्षार कोणते, त्या उष्णतेत कोणते जिवाणू तगतात, याचा शोध घेणारे काम या पट्ट्यात झाले आहे. पण प्राध्यापकाच्या बढतीची वेळ आली की त्या कामात काय आहे हे क्वचितच विचारले जाते. गुगल स्कॉलर उघडायचे, नावापुढचा दाखल्यांचा (इतरांनी दिलेल्या संदर्भांचा) आकडा टिपायचा आणि पुढच्या उमेदवाराकडे वळायचे!

हा आकडा किती भरवशाचा? २०१० साली सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आयक अँटकारे नावाचा संशोधक कागदावर जन्माला घातला. संगणकाने जुळवलेले शंभरेक निरर्थक लेख, एकमेकांचेच दाखले देणारे. गुगल स्कॉलरने त्याला ९४ चा एच-निर्देशांक बहाल केला. म्हणजे ९४ लेख, प्रत्येकाला किमान ९४ दाखले. आइन्स्टाइन मागे पडले. दोन वर्षांनी स्पेनमधील ग्रॅनाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा बनावट लेख विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर ठेवले आणि सहकाऱ्यांच्या खात्यात ७७४ दाखले जमा झाले. एवढ्यावरही शहाणपण आले नाही. २०२४ मध्ये लॅरी नावाचा बोका याच वाटेने ‘नामांकित संशोधक’ होऊन दाखवून गेला.

यात गुगल स्कॉलर या शोधयंत्राचा दोष थोडाच. शीर्षक, लेखकाचे नाव आणि शेवटी संदर्भांची यादी दिसली की ते मजकुराला शोधनिबंध समजते. ते शोधण्यासाठी बनले आहे आणि शोधण्यात उत्तम आहे. प्रबंध, शासकीय अहवाल, स्थानिक परिषदांतील निबंध त्याच्याच जाळ्यात सापडतात. अकलोलीवर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तिथूनच सुरुवात करावी. निवड समितीने मात्र तिथेच थांबू नये.

मग स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दाखल्यांच्या सूची? उच्च शिक्षणसंस्थांचे ‘नॅक’ मूल्यांकन आणि राष्ट्रीय मानांकन यांची भिस्त त्यांच्यावर आहे. हे दोन्ही निवडक आहेत हे खरे. पण मराठीतील संशोधनपर नियतकालिकांना त्यांत जवळपास जागाच नाही. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा, असे बजावले होते. आपल्याकडे ते कोणी मनावर घेतले?

विश्वासार्ह याद्या बनवण्याचा आपला अनुभवही बोलका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये चिरफाड केली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांचा जो नमुना त्यांनी तपासला, त्यातील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. शिफारस करणारे बाहेरचे नव्हते, आपलेच कुलगुरू आणि आपल्याच समित्या होत्या. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहभागाने ‘केअर’ यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले आणि निकष ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली.

तयार यादीचा आडोसा गेला, हे एका परीने बरेच झाले. धोका असा की वेळ नसलेल्या समित्या आता फुकट मिळणाऱ्या आकड्याकडेच धावतील. पैसे मोजून दाखले विकत घेता येतात हे ठाऊक असूनही. मुंबई विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा. उमेदवाराकडून त्याने स्वतः निवडलेले तीनच निबंध मागवावेत, मराठीतले असले तरी चालतील. समितीतील किमान दोघांनी ते वाचून आपले मत सहीनिशी नोंदवावे. दाखल्यांचा आकडा द्यायचाच असेल, तर तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला हे सोबत लिहिणे सक्तीचे करावे.