तळघरातला सूर

भोकरदनच्या पेठेतील एखाद्या व्यापारी घरात मुलगा गिटार घेऊन बसू लागला, की वडिलांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो पेढीचा: उद्या गादीवर कोण बसणार? हा प्रश्न अवाजवी नाही. छंदापायी भांडवल उधळल्याच्या कथा प्रत्येक गावात ऐकू येतात. मात्र छंद आणि चरितार्थ यांचा मेळ कसा घालावा, याचे एक उदाहरण अमेरिकेतील टॉम शोल्झ या अभियंत्याने घालून दिले आहे.

एमआयटी या विख्यात संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर शोल्झ कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीत नोकरीस लागले. दिवसा नोकरी आणि रात्री संगीत, हा त्यांचा क्रम झाला. पगारातून पैसा बाजूला काढून त्यांनी बोस्टनजवळच्या वॉटरटाऊन गावी, राहत्या इमारतीच्या तळघरात, ध्वनिमुद्रणाची साधने जमवली. जागा अरुंद होती, शेजारी घर तापवण्याची भट्टी होती आणि अधूनमधून पाणीही शिरे. तेथे बहुतेक वाद्ये ते स्वतः वाजवत, एकेक थर मुद्रित करत. गायन ब्रॅड डेल्प यांचे असे. नमुन्याच्या फिती कंपन्यांकडे जात आणि नकार घेऊन परत येत. असे अनेक वर्षे चालले.

अखेर एपिक कंपनीने करार केला, पण गाणी व्यावसायिक स्टुडिओत नव्याने मुद्रित करण्याची अट घातली. तळघरात साधलेला नाद तेथे साधणार नाही, अशी शोल्झ यांची खात्री होती. तेव्हा निर्माते जॉन बॉयलन यांनी युक्ती केली. बँडचे इतर सदस्य लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत काम करत राहिले आणि अल्बमचा बहुतांश भाग तळघरातच तयार झाला. करार केलेल्या कंपनीपासून गोष्ट लपवणे हा व्यवहाराचा आदर्श नव्हे, हे येथे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. मालाच्या गुणवत्तेविषयीचा आग्रह मात्र खरा होता.

ऑगस्ट १९७६ मध्ये ‘बोस्टन’ नावाच्या या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम बाजारात आला. एकट्या अमेरिकेत पुढे त्याची १ कोटी ७० लाख प्रतींची विक्री प्रमाणित झाली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला. कंपनीच्या घाईमुळे तो मनासारखा झाला नाही, ही शोल्झ यांची खंत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी घाई नाकारली. एपिकची मालक असलेल्या सीबीएसने १९८३ मध्ये त्यांच्यावर ६ कोटी डॉलरचा दावा लावला. तिसरा अल्बम १९८६ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून आला आणि अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. न्यायालयातही अखेर शोल्झ यांचीच सरशी झाली. दरम्यान गिटारच्या ध्वनीसाठी उपकरणे बनवणारा स्वतःचा उद्योगही त्यांनी उभारला होता.

जैन वाचकांना विशेष जवळची वाटेल अशी गोष्ट आणखी पुढे आहे. शोल्झ शाकाहारी आहेत. १९८७ मध्ये त्यांनी स्थापन केलेला धर्मादाय न्यास प्राणिरक्षण, शाकाहाराचा प्रसार आणि भुकेल्यांना साहाय्य अशा कामांना हातभार लावतो.

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. त्यांच्या दुकानांचा आणि नफ्याचा मागमूस उरलेला नाही. दिलेले तेवढे दगडावर राहिले आहे. गिटार मागणाऱ्या मुलाला म्हणूनच एकदम नकार देऊ नये. माडीवरची एखादी रिकामी खोली त्याला द्यावी आणि सोबत तीन अटी सांगाव्यात: खर्च स्वतःच्या कमाईतून करावा, काम पक्के झाल्याशिवाय बाजारात आणू नये आणि यश आलेच तर त्यातला वाटा जीवदयेसाठी काढावा.