भर दुपारचे मांडव

एप्रिल उजाडला की भैंसा येथील माझ्या दवाखान्यात लग्नपत्रिकांचा ढीग साचू लागतो. बहुतेकांवर मुहूर्त दुपारी बारा ते एकमधला. प्रत्यक्षात नवरदेव मारुतीचे दर्शन घेऊन निघतो, वाजंत्रीपुढे नाचणारे हलत नाहीत आणि अक्षता पडतात दोन वाजता. तोवर मांडवात ताटकळलेल्यांचे काय होते ते मला संध्याकाळी कळते, कारण त्यांतील काही मुले माझ्याकडे आणली जातात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सात महिन्यांचे एक बाळ असेच आले. अंगात जरीचे झबले, डोक्याला कुंची, वर आजीचा पदर. ताप १०४ अंश, जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही. घरच्यांच्या मते दृष्ट लागली होती. कपडे उतरवून, अंग ओले करून, वारा घालून आणि सलाईन देऊन ते सावरले. "मांडवात चार कूलर होते, डॉक्टरसाहेब," असे त्याचे आजोबा पुनःपुन्हा सांगत होते.

कूलर होते, हे खरेच. परंतु हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की शरीराजवळ थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणे. तिन्ही बाजूंनी पडदे लावलेल्या मांडवात शेकडो माणसांचा श्वास आणि कूलरची वाफ कोंडते, मग घाम वाळत नाही, नुसता निथळतो. वर्तमानपत्रातील ४३ अंश हे हवेशीर पेटीत, सावलीत मोजलेले असतात; तापलेल्या पत्र्याखालचा दाह त्यात धरलेला नसतो. बालकाचे कातडीचे क्षेत्र वजनाच्या मानाने मोठे असल्याने ते लवकर तापते, त्याला घामही कमी येतो, आणि तान्हे मूल पाणी मागू शकत नाही. त्याच्या आईला चारचौघांत अंगावर पाजायला आडोसाही नसतो. एक पडद्याचा कोपरा ठेवण्यास मंडपवाला कितीसे अधिक घेईल?

आपल्या पूर्वजांचा मांडव याहून शहाणा होता. बैलगाडीतून डहाळे येत. जांभळाच्या, उंबराच्या ओल्या पाल्यातून वारा खेळे आणि छत तापत नसे. आज मांडवडहाळ्याचा विधी तेवढा उरला आहे. चार फांद्या खोचायच्या, वर पत्रा.

हा प्रश्न केवळ आपल्या कोरड्या मुलखाचा नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा दुपारपर्यंत उघड्यावर चालला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. तेथे पारा चाळिशीच्या आतच होता. पण समुद्रकाठची दमट हवा, वर उन्हाचा मारा.

दुपारचा मुहूर्त धरण्यामागे कारणे आहेत, हे मी नाकारत नाही. नांदेड, धर्माबाद, भोकरकडचे पाहुणे सकाळच्या गाडीने येऊन दिवस मावळायच्या आत परत निघू पाहतात. मुलांच्या परीक्षाही तेव्हाच संपलेल्या असतात. तरीही गोरज मुहूर्त शास्त्राला मान्य आहे, आणि तेलुगु शेजाऱ्यांकडची रात्रीची व पहाटेची लग्ने आपण सर्वांनी जेवलेली आहेत. शिवाय आपल्याकडे कापसाचा पैसा हिवाळ्यातच हाती येतो. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, आणि पुढे धनुर्मास संपल्यावरचा माघ, हे सोडून वैशाखच का गाठावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आणि आपण डॉक्टर मंडळी? आपण त्याच मांडवात पहिल्या रांगेत, पंख्यासमोर बसून आहेर देऊन येतो. माझ्या स्वतःच्या पुतण्याचे लग्न मे महिन्यात दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी लागले. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझेही नाव होते. वडीलधाऱ्यांपुढे मी अवाक्षर काढले नाही. तेव्हा या संघटनेच्या सभासदांनी निदान आपल्या घरची कार्ये चैत्र-वैशाखात दहाच्या आत किंवा सूर्यास्तानंतर उरकण्याचे ठरवावे, अशी माझी सूचना आहे. रुग्ण आपले बोलणे ऐकतात त्याहून अधिक आपले वागणे पाहतात.

अलीकडे पत्रिका घेऊन येणाऱ्यास मी आधी मुहूर्ताची वेळ विचारतो, मग घरात तान्हे मूल आहे का ते. काहींना राग येतो. एका वधूपित्याने मात्र मनावर घेऊन सकाळी नऊचा मुहूर्त धरला. वऱ्हाड साडेदहाला आले. तरी अकराच्या आत पंगत बसली आणि त्या मांडवातून संध्याकाळी माझ्याकडे कोणीही आले नाही.