गड सोडून खाली आलेलं गाव

माझी भाची नवऱ्याच्या नोकरीपायी जपानात कानाझावाला राहते. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, इथं उंचावर किल्ला, भोवती जुन्या गल्ल्या, दोन्ही अंगांना नद्या. आपल्या कोल्हापूरची आठवण येते बघ!" मी म्हटलं, "अगं, आपला किल्ला गावात कुठं? तो तर तिकडं पन्हाळ्याला!"

फोन ठेवला खरा, पण मनात तेच घोळत राहिलं. पाहुणे आले की आपण पन्हाळा दाखवतो, गरम झुणका-भाकर खातो नि परततो. पण राजधानी तिथून खाली का आली असेल?

महाराणी ताराबाईंच्या काळात करवीरची गादी पन्हाळ्यावर होती. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने सोसलेला हा गड. अंबरखान्याची कोठारं पाहिली की कळतं, दाणागोटा भरून ठेवणं हीच तिथली मोठी काळजी! वेढ्याला गड हवा, संसाराला मात्र नदी नि बाजार लागतो. खाली पंचगंगा होती, अंबाबाईचं ठाणं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी कोल्हापुरात आली. गावाचा तट आता नाही. गंगावेस, रंकाळावेस ही नावं तेवढी आपल्या तोंडी राहिली.

पुढं १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली. १८९५ साली शाहू महाराजांनी व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ नावारूपाला आली. गाव जयंती नाल्यापलीकडं पसरलं. आणि इथंच आपल्या घराशी संबंध येतो बरं का!

जुनं गाव उंचवट्यावर, नाल्याकाठचा भाग सखल. पंचगंगा फुगली की नाल्याच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते उलटं फिरतं. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ ही तळीही बुजली. एका जागी मंडई, दुसरीकडं गांधी मैदान.

माझ्या धाकट्या जावेनं नाल्याजवळ तळमजल्यावर जागा घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिकडं पाणी येतं गं." आम्ही हसलो. २०१९ च्या पुरात तिची लग्नातली पैठणी, मुलांचे दाखले, वर्षाचं धान्य, सगळं चिखलात गेलं. २०२१ ला पुन्हा तेच. तिनं भिंतीवरची पाण्याची खूण अजून पुसलेली नाही.

म्हणून सांगते, जागा घेताना ओटा नि फरशी बघा, पण शेजारच्या आजीबाईंना "पाणी कुठवर आलं होतं?" हेही विचारा. महापालिकेत पूररेषा पाहून या. पावसाळ्याआधी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाका. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. सखल भागात असाल तर ३९ लाच धान्य वर चढवा. म्हाताऱ्या माणसांना नि लेकरांना आधी हलवा. घरच्या पुरुषांचा "बघू उद्या" ऐकत बसू नका.

भाचीला पुन्हा फोन केला. तिचं घर उंचावर आहे की नदीकाठी, एवढंच विचारलं. तुम्हीही आज सासूबाईंजवळ बसा, २००५ च्या नि त्याआधीच्या पुराच्या आठवणी काढा, आणि त्या मुलांच्या कानावर घाला. सासूबाईंचं ऐकलं असतं तर, असं आमची जाऊबाई आजही म्हणते.