आजीची परीक्षा, पण अभ्यासक्रम कोणाचा?



पहिलीतल्या लेकराला सरकत्या जिन्याचं चित्र दाखवून 'हे काय?' असं विचारलं आणि त्याला सांगता आलं नाही, तर आपण त्याला कच्चं म्हणत नाही. प्रश्नच त्याच्या अनुभवाबाहेरचा होता, असं म्हणतो. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासताना हा नियम कुठं जातो?

जगभर चालणारी 'मिनी मेंटल' चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करत चला, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढा. आता आपल्या नांदेड-लातूरकडची पंच्याऐंशी वर्षांची माय डोळ्यांसमोर आणा. जन्म निजामाच्या राज्यातला, शाळेचं तोंड पाहिलं नाही, शाईशी संबंध अंगठ्यापुरता. तारीख विचारली तर म्हणेल, "परवाच एकादस झाली की रे!" उत्तर चोख, पण गुण शून्य. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत न शिकलेल्यांसाठी वेगळी हिंदी चाचणी बसवली गेली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली.

आता व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे आभासी दुनियेचा चष्मा आला आहे. तो डोळ्यांवर चढवला की समोर मोकळं मैदान किंवा रस्ता दिसतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली स्मरणाची सौम्य तक्रार असलेले ४५ जण आणि ४१ धडधाकट माणसं यांना असा चष्मा लावून खुणेखुणेनं चालवलं आणि मग सांगितलं, आता निघालात त्या जागी परत जा. अल्झायमरचा धोका कोणाला जास्त, हे कागदी चाचण्यांपेक्षा या चालण्यातून जास्त चांगलं कळलं. कारण मेंदूतल्या ज्या एन्टोरायनल भागात वाटेचा हिशेब राहतो, तिथंच हा आजार लवकर शिरतो. या वाटेच्या पेशी शोधणाऱ्यांना २०१४ चं नोबेल मिळालं आहे.

मला ही पद्धत आवडते. लिहिणं नाही, वाचणं नाही. वाट तर प्रत्येकानं तुडवलेली असते. पण इथंही अभ्यासक्रम परका असू शकतो. ग्रीसमध्ये अशाच कामासाठी आभासी सुपरमार्केट बनवलंय: यादी लक्षात ठेवा, फळीवरून वस्तू घ्या, गल्ल्यावर पैसे द्या. आपली माय तिथं अडखळली, तर ते विसरणं की बुजणं? तिच्यासाठी आठवडी बाजार हवा. नाहीतर लातूरची गंजगोलाई घ्या. मधोमध देऊळ, भोवती सोळा रस्ते. वाट शोधायला लावायची तर याहून चांगली जागा कुठली?

मात्र एक मेख आहे. जुनी गंजगोलाई जशीच्या तशी उभी करून 'सराफा कुठं होता?' विचारलं, तर उपयोग थोडाच. किल्लारी भागातली कितीतरी म्हातारी माणसं १९९३ च्या भूकंपाआधीच्या गावातलं गल्लीबोळ आजही घरागणिक सांगतात. आपण कौतुकानं म्हणतो, "बुद्धी अजून तल्लख आहे!" पण आजाराच्या सुरुवातीला जुनं टिकून राहतं, नवं मात्र मुरत नाही. म्हणून जागा ओळखीच्या धाटणीची, पण काम ताजं असावं: आत्ता सांगितलेल्या चार जिनसा, आत्ता दाखवलेली वाट. मोतीबिंदू, ऐकू कमी येणं हे आधी बघावं. चष्म्यानं गरगरतं, म्हणून खुर्चीत बसवून सुरुवात करावी.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटेल. कारण 'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण खरा आजार वर्षानुवर्षं अंगावर काढतो. उलट, एका चुकीच्या चाचणीवरून 'हिला काही कळत नाही' असा शिक्का बसला, की सातबाऱ्यापासून नातीच्या लग्नापर्यंत तिला कुणी विचारत नाही! शिवाय बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि त्यावर इलाज आहे.

चष्मा आपल्या तालुक्याला कधी येईल तेव्हा येवो. तोवर घरीच बघा: रोजच्या वाटेवर चुकते का, भाजीत मीठ दोनदा पडतं का, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा येतो का? तारखेनिशी वहीत लिहा आणि ती वही घेऊन जिल्हा रुग्णालयात दाखवा. विचारणा करायची असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.