साडीच्या पडद्यामागून

लाख-दोन लाखांपासून थेट मोटारीच्या किमतीपर्यंत जाणारे स्पीकर ज्या दुकानांत मांडलेले असतात, तेथे ग्राहकाला कोचावर बसवून, दिवे मंद करून, चहा पुढे ठेवून, आणि हलक्या स्वरात त्या वस्तूचे मोल सांगून झाल्यावरच संगीत सुरू करण्याचा शिरस्ता आहे. हा क्रम मला नेहमीच खटकत आला आहे. किंमत आधी कळते आणि सूर मागाहून येतो. आणि ज्याला किंमत कळली तो मनुष्य स्वरांचा निवाडा करावयास बसला असला, तरी त्या खटल्यात तो आता मुन्सफ राहिलेला नसून पक्षकार झालेला असतो.

हा आक्षेप केवळ माझ्या संशयी स्वभावातून निघालेला नाही. ओटावा येथील कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे याच प्रश्नाचा पिच्छा पुरविला. श्रोते आणि स्पीकर यांच्यामध्ये दृष्टी अडविणारा पण आवाज न अडविणारा पडदा टांगून, सर्व स्पीकरांची पातळी एकमेकांशी काटेकोर मिळवून, त्यांनी १९८५ व १९८६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी ‘ज्याची त्याची आवड’ या आपल्या लाडक्या समजुतीलाच धक्का दिला. ज्यांची श्रवणशक्ती शाबूत आहे अशा श्रोत्यांचे, नाव आणि किंमत दृष्टीआड झाल्यावर, आश्चर्य वाटावे इतके एकमत होते. आणि ज्या स्पीकरला ते पसंती देतात तोच मोजमापातही मंद्रापासून तारापर्यंत कोणत्याही स्वराची तरफदारी वा हेळसांड न करणारा, आणि समोर बसलेल्याला देतो तेच जवळजवळ बाजूला बसलेल्यालाही देणारा ठरतो. उलट ज्यांची श्रवणशक्ती उणावली होती, त्यांनी त्याच स्पीकरला पुन्हा ऐकून दिलेले गुण त्यांच्या स्वतःच्याच आधीच्या गुणांशी नीट जुळेनात. पिकल्या केसांच्या जाणकारांनी (त्यांत मीही आलोच) एवढा भाग दोनदा वाचावा.

पुढे १९९४ मध्ये टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या कंपनीतल्याच चाळीस माणसांना चार स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांदेखत ऐकविले. डोळ्यांदेखत ऐकताना थोराड आणि महागडे स्पीकर गुणांत वर चढले, आणि पडद्याआड बऱ्यापैकी निभावलेला लहानसा स्वस्त संच खाली घसरला. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, स्पीकरची जागा बदलली किंवा गाणे बदलले, तरी डोळस श्रोत्यांच्या गुणांत फारसा फरक पडेना. कानांवर जे जे बदलत होते त्याकडे, डोळ्यांसमोर तीच पेटी उभी असल्यामुळे, कोणाचे लक्षच राहिले नव्हते.

दुकानदाराला हे शास्त्र ठाऊक नसले तरी त्यातली कला त्याला अवगत असते. दोन जोड्यांपैकी एकीची घुंडी एखाद्या डेसिबलने पुढे नेली, तर ऐकणारा ‘हा मोठा वाजतो’ असे म्हणत नाही, ‘हा खुलतो’ असे म्हणतो. खोलीचा कारभार तर निराळाच. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या दुपटीचा स्वर दोन भिंतींच्या दरम्यान जणू उभा राहतो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा भिंतीलगत बसणाऱ्याला फुगलेला आणि दोन पावले पुढे सरकलेल्याला ओसरलेला ऐकू येतो. स्पीकर बिचारा तोच असतो. म्हणूनच हार्मनच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत पडद्यामागे असे यंत्र बसविले गेले, की ते सुमारे तीन सेकंदांत एक स्पीकर दूर करून दुसरा नेमक्या त्याच जागी आणून उभा करते.

आपल्याकडील रसिक यावर म्हणेल, की मला पडदा कशाला, मी जन्मभर तंबोरा ऐकत आलो आहे. हा युक्तिवाद मला निदान अर्ध्या वाटेपर्यंत मान्य आहे. मिरजेच्या कारागिराने घासून दिलेल्या घोडीवर, तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे-मागे केला, की इतका वेळ बोथट वाजणारी तार एकाएकी उघडते आणि खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला असा, स्वयंभू गंधार उमटू लागतो. ज्या स्पीकरमधून तो गंधार येत नाही, नुसताच गोड गुंजारव येतो, तो कितीही भव्य असला तरी माझ्या लेखी नापास. परंतु ध्वनिमुद्रिकेतला तंबोरा हा माझ्या घरातला तंबोरा नव्हे. मायक्रोफोन भोपळ्यापासून किती दूर होता आणि मुद्रण करणाऱ्याने तो नाद कोणत्या स्पीकरवर ऐकून ‘ठीक’ म्हटले, याची नोंद बहुधा कोणत्याही दफ्तरी सापडत नाही. त्याचा स्पीकर खर्जात दुबळा असेल तर त्याने खर्ज वाढविला असणार, माझा प्रामाणिक स्पीकर तो वाढीव खर्ज प्रामाणिकपणे माझ्या पदरात टाकणार, आणि मी दोष मात्र स्पीकरला देणार. टूल यांनी या चक्राला संभ्रमाचे वर्तुळ अशा अर्थाचे नाव दिले आहे. त्यातून पुरते सुटता येत नाही. एकाच लाडक्या मुद्रिकेवर विसंबू नये, निरनिराळ्यांनी निरनिराळ्या ठिकाणी मुद्रित केलेल्या दहा-बारा ऐकाव्यात, एवढेच करता येते.

अस्सलाशी ताडून पाहणेही वाटते तितके निर्दोष नाही. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत सभागृहे भरवून, दिवे मालवून, गायिका कोणती आणि फोनोग्राफ कोणता हे ओळखण्याचे आव्हान श्रोत्यांना दिले, आणि ओळखता आले नाही असे श्रोत्यांनी भारावून सांगितले. त्यांतल्या अ‍ॅना केस या गायिकेने उतारवयात कबूल केले, की यंत्राशी मिळावा म्हणून ती आपलाच आवाज यंत्राच्या वळणावर नेत असे.

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीतील एका स्नेह्यांनी एक मोठी जोडी चार दिवसांच्या बोलीने घरी आणली, तेव्हा मी हट्टाने पडदा टांगवून घेतला. वहिनींची विरलेली सुती साडी दोरीवर घातली, मोबाइलवरील मापकाने नव्या-जुन्या जोड्यांची पातळी सारखी केली, आणि त्यांचा मुलगा साडीमागे त्या पेट्या उचलून आलटून-पालटून एकाच जागी ठेवू लागला. तीन सेकंदांच्या ठिकाणी तीन मिनिटे लागत आणि मधल्या वेळात चकल्या खाल्ल्या जात. सहा मुद्रिका झाल्या. विजेच्या बिलामागे लिहिलेले गुण साडी बाजूला सारून पाहिले, तो स्नेह्यांनी तीन वेळा नव्या जोडीला आणि तीन वेळा जुन्या जोडीला पसंती दिली होती. मी चार वेळा जुनीला, आणि त्यांतल्या एकदा तर तिच्यापुढे ‘ही नक्की नवी’ असा शेराही मारून ठेवला होता. स्नेही बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नव्या जोडीचे पैसे भरून आले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “दिवाणखान्यात शोभतात हो.” कानांना बऱ्या वाटल्या, असे मात्र ते म्हणाले नाहीत.