पापलेटचे उसने नाव

वेरूळ-खुलताबाद भागातील शेतकऱ्यांस समुद्रातील माशांच्या नावांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ज्यांनी शेततळ्यात मत्स्यबीज सोडले आहे, त्यांचा मात्र ह्या नावांशी रोकडा संबंध येतो.

पापलेट हा किनाऱ्यावरचा मानाचा मासा. 2023 च्या सप्टेंबरात राज्य शासनाने त्यास राज्यमासा म्हणून घोषित केले. त्यालाच कोकणात सरंगाही म्हणतात. गुजरातेत तो विचुडा, केरळात आवोली, तामिळनाडूत वव्वाल आणि बांगलादेशात रूपचांदा होय. ह्या नावांत गैर काहीच नाही. प्रत्येक किनाऱ्याने आपल्या बोलीत एकच मासा ओळखला आहे. हलव्यास काळे पापलेट म्हणण्याची रूढी तितकी निर्दोष नाही, कारण त्याचे कूळ निराळे. तथापि तोही समुद्रातलाच चविष्ट मासा असल्याने गिऱ्हाइकाची फारशी हानी होत नाही.

खरा घोटाळा आहे तो आपल्या तळ्यांतील रूपचंदाचा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधला पाकू मासा. चालू शतकाच्या आरंभी तो बांगलादेशामार्गे भारतात आला व बंगालीतील पापलेटचे नाव त्यास चिकटले. देह चपटा व गोलसर असल्याने काही विक्रेते तो ‘गोड्या पाण्यातील पापलेट’ म्हणून, क्वचित नुसता ‘पापलेट’ म्हणूनही विकतात. ओळख कठीण नाही. रूपचंदाचे पोट तांबूस असते, तोंडात माणसाच्या दाढांसारखे दात असतात आणि शेपटीजवळ पाठीवर लहानसा मांसल पर असतो. पूर्ण वाढलेल्या पापलेटास पोटाखालचे जोडपर नसतात. रूपचंदास ते असतात.

रूपचंद लवकर वाढतो, खाद्याबाबत चोखंदळ नाही. मग त्याने उसन्या नावाने बाजारात का जावे? लेणी पाहण्यास मुंबई-कोकणातून येणारा प्रवासी पहिल्याच घासाला फरक ओळखील, आणि पुढे आपल्या खऱ्या रोहू-कटल्यावरही विश्वास ठेवणार नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भावाने विकलेला मासाच उत्पादकाचे गिऱ्हाईक टिकवितो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बीज घेताना पावतीवर माशाची जात लिहून घ्यावी. हा मासा परदेशी असल्याने तळे भरण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा, आणि पावसाळ्यात तळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बांधावी, म्हणजे तो येळगंगेत उतरणार नाही.